वास या शब्दाची व्याख्या

कायद्यात विशेषणं घालू नयेत, हे मला शाळेत असतानाच कळलं. त्यानंतर आयुष्यात फार थोड्या गोष्टी इतक्या स्वच्छ कळल्या. शिकवणारे होते गायकवाड सर. ते विधिमंडळात प्रतिवेदक होते, म्हणजे सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसून जो जे बोलेल ते शब्दन्‌शब्द लघुलिपीत उतरवून घेणारे. नोकरीभर दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं, स्वतः तिथं अवाक्षर काढलं नाही, त्याचा बॅकलॉग आता आमच्यावर भरून काढतायत, असं आम्ही पोरं म्हणायचो. दर रविवारी ते कल्याणहून बाळकुमला आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये यायचे आणि आठवी ते दहावीच्या मुलांची ‘अभिरूप विधानसभा’ भरवायचे. फी घेत नसत. उलट बुद्धपौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी डबाभर खीर घेऊन यायचे आणि ‘सन्माननीय सदस्यांनी रांगेत यावे’ असं म्हणून वाटायचे.

क्लब हाऊस म्हणजे एक लांबट खोली. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून ठेवायचा, प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर लावायच्या, एक बाजू सरकार, दुसरी विरोधी पक्ष. सर मध्ये अध्यक्ष. कोण कुठल्या बाजूला हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं, त्यामुळे एका रविवारी ज्याच्या बाजूनं घसा फोडला त्याच्याच विरुद्ध पुढच्या रविवारी फोडावा लागायचा. पहिल्या दिवसांत आमची विधेयकं ठरलेली असायची: गृहपाठबंदी, परीक्षेच्या काळात घरचं केबल तोडणाऱ्या पालकांना दंड, वगैरे. सर ती गंभीरपणे वाचायचे आणि लाल पेनानं अर्धी मारून टाकायचे. “‘लवकरात लवकर’ म्हणजे कधी? ‘योग्य ती कारवाई’, कुणाच्या मते योग्य? ‘मोठा आवाज’, किती मोठा? ज्या शब्दावर दोन माणसं भांडू शकतात, त्याची आधी व्याख्या करा, मग पुढं लिहा.” आज मी सरकारी मजकुराचं मराठी भाषांतर करून पोट भरते. मानपाड्याच्या घरात बसून अजूनही एखादं ‘योग्य ती’ खोडते, तेव्हा हातात लाल पेन नसतं एवढंच.

मतदानाचे धडेही त्यांनी असेच घोटून घेतले. आधी ध्वनिमत. अध्यक्ष विचारणार, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे; मग ज्या बाजूचा आवाज कानाला मोठा लागेल तिचं बहुमत आहे ‘असे वाटते’ म्हणायचं. या ‘असे वाटते’वर सरांचा भारी जीव. “अध्यक्षाला कान आहेत, तराजू नाही,” ते म्हणायचे. “म्हणून त्याला फक्त वाटतं. कुणाला तसं वाटत नसेल तर त्यानं लगेच मतविभागणी मागायची. मग एकेकाला उभं करून डोकी मोजावी लागतात. पण मागितली नाही, तर अध्यक्षाला वाटलं तेच खरं.” आमच्यातला एक फुटबॉलवाला दांडगट पोरगा होता, तो ज्या बाजूला त्या बाजूचं विधेयक पास, हे आमच्या लवकरच लक्षात आलं. मग आम्ही दर खेपेला मतविभागणी मागू लागलो आणि सर खूश झाले.

ही सोसायटी उभी होती ती जमीन आमची. म्हणजे बाबांची, त्यांच्या चुलतभावांची आणि अशीच कोळ्यांची आणखी दोन-तीन घरं. आमची वाडी गेली आणि बदल्यात नऊ मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. जमीन आमची, इमारत बिल्डरची आणि नियम सोसायटीचे, असा तो संसार. बाबा पालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर होते. पहाटे जायचे, दुपारी येऊन झोपायचे आणि सुट्टीच्या दिवशी होडी घेऊन खाडीत जायचे. घरात बोलणं जवळजवळ नाहीच. बोलले की मात्र एका होडीवरून दुसऱ्या होडीवर हाक मारावी तसे बोलायचे, त्यामुळे ‘मीठ दे’ म्हणाले तरी पाहुणे दचकायचे. आई सोसायटीच्या गेटबाहेर मासळीची पाटी घेऊन बसायची. सकाळी विळीवर कोळंबी निवडण्याचा तो ओला, खरखरीत आवाज, कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरची कुणाची तरी सतार, आणि लिफ्टमधली ती रेकॉर्ड केलेली बाई, जी दार उघडं राहिलं की हिंदीतून बंद करा, बंद करा म्हणत राहायची. आई टोपल्या आत घेता घेता तिला रोज उत्तर द्यायची, “करतंय गो बाय, दम धर जरा!” इतक्या वर्षांत त्या दोघींचं भांडण मिटलं नाही.

आईचा खरा धंदा पाटीवरचा नव्हता, सुक्या मासळीचा होता. दिवाळी झाली की ती ओला जवळा घ्यायची, खारवायची आणि इमारतीच्या गच्चीवर प्लास्टिकच्या निळ्या ताडपत्र्यांवर पसरायची. कडक वाळला की डब्यांत भरायची आणि पावसाळ्यात, ओली मासळी बंद असते तेव्हा, विकायची. घराला वर्षातले ते चार महिने कसे जातील, हे गच्चीवर ठरायचं. कावळे हाकलायला मी असायची. एका हातात काठीला बांधलेली काळी पिशवी, दुसऱ्या हातात सरांनी दिलेले सभागृहाचे नियम. आमच्याकडे वांगी घालून जवळा आणि तांदळाची भाकरी हे पोटभरीचं जेवण होतं. अजूनही मला बरं नसलं की तेच खावंसं वाटतं. इमारतीतले बहुतेकजण आईचे गिऱ्हाईक होते. फक्त म्हणायचे, “मावशी, डबल पिशवी द्या हं, लिफ्टमध्ये वास नको.” आई डबल पिशवी द्यायची. पिशव्या कुणाच्या, हे कुणी विचारायचं नाही.

माझी वर्गातली मैत्रीण ऋचा म्हसकर सहाव्या मजल्यावर राहायची. तिचे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. नीटनेटके, कामसू, सगळं लेखी ठेवणारे गृहस्थ. वर्गासाठी क्लब हाऊस त्यांनीच मिळवून दिलं होतं. ऋचा इंग्रजी माध्यमातली, मराठी तिची बोलण्यापुरती फर्डी आणि लिहिताना धडपडणारी. त्या सत्रात तिला चिठ्ठीत मंत्रिपद आलं आणि तिनं विधेयक आणलं, ‘गृहसंकुल स्वच्छता व शिस्त विधेयक’. जिन्यात चपला नकोत, गॅलरीतून पाणी सांडायचं नाही, असं सगळं साधं. आणि मग कलम चार. “गच्चीवर मासळी सुकवणाऱ्यांचा वास इतर रहिवाशांस त्रासदायक ठरल्यास, असा वास संकुलातून कायमचा हटवण्याचा अधिकार समितीस राहील.” तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. घरी जे बोललं जातं ते तिनं लिहिलं, आणि जोरदार व्हावं म्हणून त्यात एक ‘कायमचा’ घातला.

मी विरोधी पक्षात होते. वाचता वाचता माझे कान तापले. पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला हसू फुटलं. मी उभी राहिले. “अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा. विधेयकात ‘वास’ या शब्दाची व्याख्या नाही. घरात लक्ष्मीचा वास असो असं आपण म्हणतो, तेव्हा लक्ष्मीला घाण येते असा अर्थ होतो का? वास म्हणजे राहणंसुद्धा. तसं असेल तर कलम चारप्रमाणे समिती माझ्या आईबाबांना बिऱ्हाडासकट, आणि कायमचं, इथून हटवू शकते. माननीय मंत्र्यांचा तसा विचार आहे का?” सगळा वर्ग हसून लोळला. ऋचासुद्धा. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “अरे यार, वैशू, तसं नाही ना!” सरांनी टेबलावर पेन आपटलं. “मंत्रिमहोदय, ‘अरे यार’ असंसदीय आहे. मुद्दा रास्त आहे.” मात्र मतविभागणीत सरकारच्या बाजूला माणसं जास्त होती, विधेयक आहे तसं पास झालं. जाताना सर मला म्हणाले, “हरकतीच्या मुद्द्यानं वेळ मिळतो. मत मिळत नाही.” मला ते नीट कळलं नाही. मी त्या लक्ष्मीच्या वाक्यावरच फुशारले होते आणि घरी जाऊन आरशासमोर ते दोनदा म्हणून पाहिलं.

म्हसकर काका त्या दिवशी मागं बसून ऐकत होते. त्यांना मुलांचं ते शिस्तीतलं काम इतकं आवडलं, की सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत त्यांनी ऋचाचं विधेयक ‘नियम’ असं शीर्षक बदलून जसंच्या तसं टाकलं. त्यांना वाटलं, मुलांचं कौतुक होईल आणि नियमही होतील. ‘वास’ची गंमत त्यांना गंमत म्हणून आठवत असेल, शब्द बदलायचं मात्र राहून गेलं. कागद घरोघरी पोचले. बाबांनी तो घडी करून खिशात ठेवला. आई सातवी शिकलेली होती. तिनं तो ओट्याशी उभं राहून ओठ हलवत वाचला आणि मला विचारलं, “हा कुनी लिवलंय?” मी ऋचाचं नाव सांगितलं. ऋचा आमच्याकडे बसून कितीदा तरी जवळा-भाकरी जेवून गेलेली. आईनं गॅस बारीक केला आणि ती पुढच्या कामाला लागली. मीच तिला धीर दिला की काळजी करू नकोस, माझ्याकडे मुद्दा आहे.

सभेच्या दिवशी इमारतीतली कोळ्यांची बाकीची घरं कोलशेतला हळदीला गेली होती. हळद म्हटल्यावर आमच्या माणसांना सभा वगैरे कोण सांगणार. त्यामुळे क्लब हाऊसमध्ये आमच्यातलं आमचंच घर. बाबा शेवटच्या रांगेत, आई पहिल्या रांगेत अगदी कडेला, ऋचा आणि मी भिंतीशी चहाच्या टेबलाजवळ. कलम चार आलं तेव्हा मी हात वर केला. सभासद नसलेल्यांनी बोलायचं नसतं, पण म्हसकर काका हसून म्हणाले, “बोल, बोल, तुमच्याच वर्गाचं काम आहे.” मी तोच मुद्दा मांडला, लक्ष्मीसकट. लोक हसले. काका ओशाळले. “पोरीचं बरोबर आहे. शब्द चुकलाय, गैरसमज होईल. हे कलम आपण तूर्त मागं घेऊ, पुढं नीट लिहून आणू.” मी ऋचाकडे पाहिलं, तिनं टेबलाआडून अंगठा वर करून दाखवला. जिंकलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात आई उठली. “मागं नको घेऊ, सेक्रेटरी.” तिनं माझ्याकडे बोट केलं. “पोर माजी शब्दावर बोलली. शब्द जाऊ दे. नाकान येतंय तो वास, त्याचा बोला. आज मागं घेशील, फुडल्या टायमाला परत आनशील. तवर मी काय, जिन्यान कोन काय बोलतंय ते ऐकत ताडपत्री वर नेऊ? काय तो निकाल आज लावा.” काका म्हणाले, “हिराताई, अहो, तुमच्याच बाजूनं होतंय की.” आई म्हणाली, “माज्या बाजूनं नाय. पोरीच्या चलाखीच्या बाजूनं होतंय.” मला आईचा भयंकर राग आला. गच्ची हातात आली होती आणि ही ती परत टेबलावर ठेवत होती. आमचे पावसाळ्याचे चार महिने, माझ्या दहावीची फी, सगळं त्या निळ्या ताडपत्रीवर होतं, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मग नवव्या मजल्यावरची एक तरुण बाई उभी राहिली. “मावशी, राग मानू नका. माझं बाळ लहान आहे. दुपारी खिडकी उघडली की सगळा वास आत येतो, ते झोपत नाही. मी खोटं कशाला बोलू?” आई म्हणाली, “राग नाय. तोंडावर बोललीस, बरा केलास.” आणि मग तिनं एक गोष्ट केली. आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि सगळ्यांकडे तोंड करून बसली. हात मांडीवर. पाटीवर बसायची तशीच.

काकांना हात वर करायला लावून मतं घ्यायला हरकत नव्हती. पण मुलांच्या वर्गातलं त्यांच्या डोक्यात बसलं होतं की काय कोण जाणे, त्यांनी ध्वनिमत घेतलं. “कलम चारला अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.” समोर आई. तिची नजर कुणाला दम देणारी नव्हती. ती फक्त बघत होती, गिऱ्हाईक भाव काय सांगतंय ते बघावं तशी. खोलीतून एक पुटपुट आली. होय होती, पण कुठल्या तोंडातून ते कळू नये अशी. काका म्हणाले, “जरा मोठ्यानं.” दुसऱ्या वेळी ती आणखी बारीक झाली, नवव्या मजल्यावरची बाई तेवढी स्वच्छ होय म्हणाली. “प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.” आणि मागच्या रांगेतून बाबा म्हणाले, “नाय!”

एकच माणूस, एकच शब्द, पण होडीवरून होडीवर गेलेला. कॅरमबोर्डाशेजारी डुलक्या काढणारा वॉचमन ताडकन उभा राहिला. काकांनी या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. ते सरळ मनाचे होते, कानाला लागलं ते नाकारणं त्यांना जमलं नाही. “नाहीचं... नाहीचं बहुमत आहे, असं वाटतं.”

त्या खोलीत ऋचाला आणि मला, दोघींनाच माहीत होतं की हे अजून संपलेलं नाही. कुणीही एकानं मतविभागणी मागितली, डोकी मोजली, की आम्ही उताणे. माणसं एकमेकांकडे बघत होती. काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटत होतं, पण त्या राहिलेल्या गोष्टीला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. ऋचाला ठाऊक होतं. विधेयक तिचं होतं, सेक्रेटरी तिचे बाबा होते, आणि त्यांच्या कानात एक शब्द सांगायला तिला दोन पावलं टाकायची होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नसतं तर बरं, पण पाहिलं. मग ऋचानं टेबलावरचा ट्रे उचलला आणि मोठ्यानं म्हणाली, “बाबा, चहा गार होतोय. पुढचा विषय घ्या ना.” पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. तो सुरू झाला.

ऋचाशी मी त्यावर कधी बोलले नाही, आणि तीही नाही. ती आता परदेशात असते, दिवाळीला मेसेज येतो. मैत्रीत काय काय केलं जातं याचे मोठमोठे किस्से लोक सांगतात, तेव्हा मला तो चहाचा ट्रे सांगावासा वाटतो. पण तो समजावून सांगायला मतविभागणीपासून सुरुवात करावी लागते, म्हणून राहून जातं.

घरी आल्यावर मी आईवर भडकले. तिला मतविभागणी म्हणजे काय ते सांगितलं, डोकी मोजली असती तर काय झालं असतं ते सांगितलं, तू सगळं घालवून बसली होतीस असं म्हणाले. ती जवळा पाखडत होती. पाखडणं न थांबवता म्हणाली, “तुना काय वाटतं, मना म्हाईत नाय? होय सगल्यांच्या पोटान होता. तोंडान नाय आयला. पोटातल्याचा मी काय करू? तोंडान आयला असता तर गच्ची सोरली असती, दुसरी जागा बगितली असती.” बाबा जेवता जेवता म्हणाले, “मीठ दे.” मी मीठ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला गच्चीवर नेलं. ऊन अजून कोवळं होतं, वारा खाडीच्या दिशेनं वाहत होता. ताडपत्री नेहमीच्या जागी, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, ऊन सगळ्यात जास्त पडतं तिथं पसरायला मी वाकले, तर आई थांबली. तोंड वर करून तिनं वारा घेतला. मग ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून ती मागं मागं जायला लागली, खाडीच्या बाजूच्या कोपऱ्याकडे. तिथं टाकीची सावली दुपारनंतर येते, जवळा वाळायला दोन दिवस जास्त लागतात.

“तिकरं कशाला? आपण जिंकलोय ना,” मी म्हणाले.

“वारा हिकरशी खाडीवर जातंय,” आई म्हणाली. “नवव्या मजल्यावरच्या बाईचा पोर झोपला नसंल. खेच.”